निरोपाची पोच : रुग्णालयीन कामकाजातील संवादकौशल्य

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात बाह्यरुग्ण व आंतररुग्णांची संख्या, शस्त्रक्रिया, तपासण्या, जमाखर्च व ताळेबंद यांना हक्काचे स्थान असते. नव्या यंत्रसामग्रीची माहिती असते, देणगीदारांची नामावली असते. परंतु ज्या एका गोष्टीच्या आधारावर हे सारे कामकाज अहोरात्र चालते, तिच्यासाठी कोणत्याही तक्त्यात रकाना नसतो. ती गोष्ट म्हणजे एकाने दुसऱ्याला दिलेला निरोप. डॉक्टरांनी परिचारिकेला, परिचारिकेने प्रयोगशाळेला, प्रयोगशाळेने विभागाला, विभागाने बिलाच्या खिडकीला आणि या सर्वांनी रुग्णाला व त्याच्या नातेवाइकांना दिलेले असंख्य निरोप दररोज या वास्तूत ये-जा करीत असतात. त्यांतील बहुतेक बिनचूक पोहोचतात, म्हणूनच रुग्ण बरे होऊन घरी जातात. एखादा निरोप पोहोचतच नाही, अर्धवट पोहोचतो किंवा वाटेत निराळाच होऊन बसतो, तेव्हा त्याची किंमत निरोप देणाऱ्याला वा घेणाऱ्याला मोजावी लागत नाही. ती खाटेवरील रुग्णाला मोजावी लागते. या कारणाने यंदाच्या अहवालात या विषयाचा थोडा विस्ताराने परामर्श घ्यावा असे आम्हांस वाटले.

‘संवादकौशल्य’ हा शब्द उच्चारताच अनेकांच्या डोळ्यांसमोर अस्खलित वक्तृत्व, सफाईदार इंग्रजी आणि हसतमुख स्वागतिका उभी राहते. या गोष्टी चांगल्याच आहेत. परंतु रुग्णालयासारख्या ठिकाणी संवादकौशल्याचा खरा अर्थ याहून साधा आणि याहून कठीण आहे. आपण जे सांगितले तेच समोरच्याच्या मनात पोहोचले की नाही, हे त्याच वेळी तपासून घेण्याची सवय म्हणजे कार्यालयीन संवादकौशल्य, अशी आमची धारणा आहे. मितभाषी माणूसही ती सवय लावून घेऊ शकतो, आणि उत्तम वक्त्याकडेही ती नसू शकते.

नावे आणि जमा

हिशेबशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही कल्पना समजण्यास अवघड नाही. १४९४ मध्ये व्हेनिस येथे प्रसिद्ध झालेल्या लुका पॅचिओली यांच्या ग्रंथात द्विनोंदी पद्धतीचे विवेचन आले, आणि आजही जगाचा व्यापार त्याच तत्त्वावर चालतो. कोणताही व्यवहार एका बाजूने पूर्ण होत नाही. एका खात्याला नावे पडले की दुसऱ्या खात्यास तेवढेच जमा झाले पाहिजे. दोन्ही बाजू जुळल्याशिवाय तेरीज जुळत नाही. माल पाठविला म्हणून व्यापारी स्वस्थ बसत नाही. पोच येईपर्यंत तो माल त्याच्या लेखी वाटेतच असतो. धनादेशावर रक्कम अंकांत लिहूनही ‘अक्षरी रुपये’ पुन्हा लिहावे लागतात, आणि दोहोंत तफावत आढळल्यास अक्षरी रक्कम ग्राह्य धरावी असे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमातच म्हटले आहे. पैशाच्या बाबतीत मनुष्य किती सावध असतो, याची ही उदाहरणे होत.

पाळी संपताना आमचा रोखपाल पेटीतील रोकड मोजतो, पुढचा रोखपाल ती पुन्हा मोजून घेतो, आणि मगच दोघांच्या सह्या होतात. यात कोणाला अपमान वाटत नाही. “माझ्यावर विश्वास नाही काय?” असे कोणी विचारीत नाही. मग पाचशे रुपयांच्या नोटेस जी दक्षता लाभते ती इन्सुलिनच्या मात्रेस लाभू नये काय? निरोप देणे ही नोंदीची एक बाजू झाली. तो घेणाऱ्याने आपल्या शब्दांत परत सांगितला, आणि देणाऱ्याने “बरोबर” म्हटले, की दुसरी बाजू पूर्ण झाली. प्रस्तुत लेखातील पुढील सर्व विवेचन या एकाच सूत्राचा विस्तार आहे.

विमानक्षेत्राने घेतलेला धडा

निरोपाच्या पोचेचे महत्त्व जगाला फार मोठी किंमत देऊन कळले. २७ मार्च १९७७ रोजी कॅनरी बेटांपैकी तेनेरिफ बेटावरील लॉस रोदेओस विमानतळावर दाट धुके होते. के.एल.एम. कंपनीचे जंबो विमान धावपट्टीच्या टोकाला उड्डाणासाठी उभे होते आणि पॅन अ‍ॅम कंपनीचे दुसरे जंबो विमान त्याच धावपट्टीवरून पुढे सरकत होते. के.एल.एम.च्या सहवैमानिकाने “आम्ही आता उड्डाणावर आहोत” अशा अर्थाचे संदिग्ध वाक्य उच्चारले. नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. “थांबा, मी कळवितो” हे नियंत्रकाचे शब्द आणि “आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत” हा पॅन अ‍ॅमचा निरोप, हे दोन्ही एकाच क्षणी रेडिओवर आले आणि एकमेकांत मिसळून अस्पष्ट झाले. के.एल.एम.च्या फ्लाइट इंजिनियरला शंका आली. पॅन अ‍ॅमचे विमान बाजूला झालेले नाही काय, असे त्याने विचारलेही. अत्यंत अनुभवी अशा मुख्य वैमानिकाने ठामपणे, ते बाजूला झाले आहे, असे उत्तर दिले, आणि विषय तेथेच संपला. काही सेकंदांनी झालेल्या टकरीत ५८३ माणसे मृत्युमुखी पडली.

दोन्ही विमाने सुस्थितीत होती, वैमानिक कुशल होते. बिघडला होता तो निरोप. या अपघातानंतर ‘उड्डाण’ हा शब्द फक्त उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करतानाच वापरावयाचा, एरवी ‘प्रस्थान’ म्हणावयाचे, असा दंडक आला. नुसते “ठीक आहे” हे उत्तर पुरेसे न मानता सूचनेचा मुख्य भाग परत उच्चारण्यावर भर देण्यात आला. १९७९ मध्ये अमेरिकेतील नासा संस्थेने या विषयावर कार्यशाळा भरविली, आणि पुढे कनिष्ठाने वरिष्ठाला शंका कशी विचारावी व वरिष्ठाने ती कशी ऐकावी, याचे प्रशिक्षण वैमानिकांना मिळू लागले. वैद्यकीय क्षेत्राने हा धडा बऱ्याच उशिरा घेतला. मे २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेसाठी नऊ उपाय जाहीर केले. त्यांत सारख्या नावांची औषधे, रुग्णाची अचूक ओळख आणि रुग्ण सुपूर्द करतानाचा संवाद हे तिन्ही विषय अग्रभागी होते.

पाळीबदलाची अर्धी घटिका

रुग्णालयात माणसे बदलतात, रुग्ण मात्र तोच असतो. सकाळची पाळी दुपारच्या पाळीस आणि दुपारची रात्रीच्या पाळीस विभाग सुपूर्द करते. ही वेळ मोठी नाजूक असते. जाणाऱ्याचे लक्ष बसच्या वेळेकडे, येणाऱ्याचे अजून कामात न रुळलेले. अशा वेळी “सगळे नेहमीसारखेच आहे” या एका वाक्यात तीस रुग्ण सोपविले जाण्याचा धोका असतो.

यासाठी आपल्या रुग्णालयात सुपूर्दीची जागा आणि क्रम ठरवून दिला आहे. सुपूर्दी परिचारिकांच्या टेबलाशी न होता खाटेशी व्हावी, म्हणजे बोलणे चालू असताना सलाईनची बाटली, मूत्राची पिशवी, जखमेवरील पट्टी आणि रुग्णाचा चेहरा हे सारे दोघींच्या समोर असते. प्रत्येक रुग्णाविषयी पाच बाबी सांगाव्यात : आजार किती गंभीर आहे, थोडक्यात वृत्तान्त, या पाळीत करावयाची कामे, काय बिघडू शकते आणि बिघडल्यास काय करावे, आणि शेवटी, घेणाऱ्या परिचारिकेने मुख्य मुद्दे परत सांगणे. शेवटची बाब वगळली तर पहिल्या चार एकतर्फी राहतात.

अशाच पाच बाबींवर आधारलेल्या एका पद्धतीचा अभ्यास अमेरिका व कॅनडातील नऊ रुग्णालयांच्या बालरोग विभागांत करण्यात आला आणि त्याचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. वैद्यकीय चुकांचे प्रमाण २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्याजोग्या अपायांचे प्रमाण ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. महत्त्वाचे म्हणजे सुपूर्दीस लागणारा वेळ वाढला नाही. “एवढे बोलत बसलो तर काम कधी करायचे?” या नेहमीच्या आक्षेपास हे उत्तर पुरेसे आहे.

मध्यरात्रीचा दूरध्वनी

रात्री दोन वाजता परिचारिका डॉक्टरांना दूरध्वनी करते तेव्हा डॉक्टर झोपेतून उठलेले असतात. “सर, अकरा नंबरचा पेशंट काही बरा वाटत नाही,” एवढ्या निरोपावर त्यांनी काय ठरवावे? मग प्रश्नांची सरबत्ती होते, परिचारिका गोंधळते, आणि “सकाळी बघू” यावर बोलणे संपते. येथे दोघांपैकी कोणालाही दोष देण्यात अर्थ नाही. निरोपास आकार नव्हता, एवढेच. अमेरिकेच्या नौदलात वापरली जाणारी व तेथील वैद्यकीय संस्थांनी नंतर स्वीकारलेली चार पायऱ्यांची रीत याकामी उपयोगी पडते. परिस्थिती, पार्श्वभूमी, अंदाज आणि अपेक्षा, अशा त्या चार पायऱ्या. तोच निरोप या क्रमाने असा देता येईल :

“सर, पुरुष शस्त्रक्रिया विभागातून सिस्टर बोलते आहे. अकरा नंबरच्या खाटेवरील रुग्णाचा रक्तदाब तासाभरात नव्वदवर आला आहे, नाडी एकशे चोवीस आहे, ताप एकशे दोन आहे. परवा त्यांच्या आतड्याची शस्त्रक्रिया झाली. सहा तासांत लघवी जवळजवळ नाही. मला जंतुसंसर्ग पसरत असावा असे वाटते. आपण आत्ताच येऊन पाहावे. तोवर काय सुरू करू?”

या निरोपास अर्धे मिनिटही लागत नाही. त्यातील शेवटची दोन वाक्ये सर्वांत मोलाची आहेत. आपल्या परिचारिका निरीक्षण उत्तम करतात. परंतु “मला असे वाटते” आणि “आपण यावे” हे शब्द उच्चारताना त्यांची जीभ अडखळते. अंदाज सांगणे म्हणजे डॉक्टरांच्या अधिकारात ढवळाढवळ, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. ती दूर करणे हे प्रशिक्षणाचे पहिले उद्दिष्ट होय.

दूरध्वनीवरून औषधाचा आदेश शक्यतो घेऊ नये. तातडीमुळे घ्यावाच लागला तर तो आधी लिहून घ्यावा, लिहिलेला वाचून दाखवावा, आणि डॉक्टरांनी दुजोरा दिल्यावरच औषध द्यावे. आदेश ऐकून स्मरणातून परत म्हणणे पुरेसे नाही, कारण लिहिताना झालेली चूक त्यातून उघड होत नाही.

आकडे, अक्षरे आणि नावे

आकड्यांचा घोळ सर्वांत घातक असतो. इंग्रजी ‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ दूरध्वनीवर सारखेच ऐकू येतात. मराठीतील ‘एकोणसाठ’ आणि ‘एकसष्ट’ घाईत एकमेकांच्या जागी बसतात. म्हणून मात्रा सांगताना “पंधरा, एक-पाच” असे सुटे अंकही उच्चारावेत. इन्सुलिनच्या मात्रेपुढे ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा. नुसते इंग्रजी ‘यू’ अक्षर लिहिल्यास ते शून्यासारखे दिसते आणि दहाचे शंभर होतात. पूर्णांकानंतर दशांश बिंदू देऊन शून्य लिहू नये, कारण बिंदू पुसट झाला की एकाचे दहा होतात. याउलट अर्धा मिलिग्रॅम लिहिताना बिंदूच्या आधी शून्य अवश्य द्यावे, नाहीतर अर्ध्याचे पाच होतात. हिशेबनिसाला एका शून्याचे मोल सांगावे लागत नाही. येथे तर त्या शून्याच्या पलीकडे माणूस असतो.

औषधांच्या नावांचेही तसेच आहे. डोपामिन आणि डोब्युटामिन, व्हिनक्रिस्टिन आणि व्हिनब्लास्टिन या जोड्या कानाला जवळजवळ सारख्या वाटतात, परंतु त्यांचे कार्य वा मात्रा भिन्न आहे. अशी औषधे कपाटात शेजारी न ठेवणे आणि नाव सांगताना औषध कशासाठी द्यावयाचे तेही सांगणे, हे दोन उपाय बिनखर्चाचे आहेत. औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत, अशी दुरुस्ती तत्कालीन भारतीय वैद्यक परिषदेने २०१६ मध्ये आपल्या आचारसंहितेत केली. डॉक्टरांच्या अक्षरावर विनोद पुष्कळ झाले; औषधालयाच्या खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला त्यात हसण्यासारखे काही नसते.

रुग्णाचे नाव विचारण्याचीही एक रीत आहे. एकाच विभागात दोन शिंदे किंवा तीन पाटील असणे आपल्याकडे नवलाचे नाही. “आपण शिंदेच ना?” असे विचारले की कमी ऐकू येणारे, औषधाच्या गुंगीत असलेले किंवा डॉक्टरांच्या धाकाने बुजलेले आजोबा मान डोलावतात. होकार मिळतो, ओळख पटत नाही. म्हणून “आपले पूर्ण नाव सांगता का?” असेच विचारावे आणि ते नाव व नोंदणी क्रमांक केसपेपरशी ताडून पाहावा. खाटेचा क्रमांक ही रुग्णाची ओळख नव्हे. खाट तीच राहते, रुग्ण बदलतो.

बोलण्याचे धैर्य आणि ऐकण्याची तयारी

शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी घडू शकणारा एक प्रसंग आम्ही प्रशिक्षणवर्गात नेहमी चर्चेस घेतो. रुग्णास स्ट्रेचरवरून आणणाऱ्या मावशींनी सकाळी त्याच्या उशाशी चहाचा रिकामा पेला पाहिलेला आहे. केसपेपरवर ‘रुग्ण उपाशी’ अशी नोंद आहे, तिच्याखाली सही आहे. आत शल्यविशारद, भूलतज्ज्ञ, परिचारिका सर्व सज्ज आहेत. भूल दिल्यावर पोटातील द्रव उलटून श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतू शकते, हे मावशींना ठाऊक नाही; परंतु काहीतरी जुळत नाही एवढे त्यांना कळते. आमचा प्रश्न असा : मावशी बोलतील काय? आणि बोलल्या तर आतून उत्तर काय येईल?

या प्रश्नाच्या उत्तरात संस्थेची सारी परीक्षा आहे. या वास्तूत सर्वांत कमी वेतन घेणाऱ्या व्यक्तीस सर्वांत ज्येष्ठ व्यक्तीचे काम क्षणभर थांबविता आले पाहिजे. त्यांची शंका खोटी ठरली तरी “बरे झाले विचारलेत” हेच उत्तर मिळाले पाहिजे. एकदा जरी “तुमचे काम तुम्ही करा” असे उत्तर मिळाले, तरी ती व्यक्ती पुन्हा कधी बोलत नाही. आणि तिचे पाहून इतर दहाजणी गप्प बसायला शिकतात. तेनेरिफच्या विमानातील त्या प्रश्नाचे काय झाले, हे येथे आठवावे.

जागतिक आरोग्य संघटनेने जून २००८ मध्ये प्रसृत केलेली शस्त्रक्रिया सुरक्षा सूची ही मुळात संवादाचीच सूची आहे. भूल देण्यापूर्वी, छेद घेण्यापूर्वी आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी, अशा तीन वेळी एकूण १९ बाबी मोठ्याने उच्चारून तपासावयाच्या असतात. उपस्थित प्रत्येकाने आपले नाव व काम सांगावे, ही त्यांतलीच एक बाब. ज्याने एकदा आपले नाव उच्चारले त्याला पुढे शंका विचारणे सोपे जाते, असा त्यामागील विचार. विदर्भातून अमेरिकेत गेलेल्या वडिलांचे पुत्र, शल्यविशारद डॉ. अतुल गवांदे यांच्या नेतृत्वाखाली हे काम झाले. नवी दिल्लीसह आठ शहरांतील आठ रुग्णालयांत ही सूची वापरून पाहण्यात आली. जानेवारी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आणि गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले.

यास दुसरी बाजूही आहे, आणि ती सांगणे आवश्यक आहे. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतात ही सूची सक्तीची झाल्यानंतर १०१ रुग्णालयांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूंच्या वा गुंतागुंतीच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. आमच्या मते यातून एक बोध घेण्याजोगा आहे. कागदावरील चौकटीत खूण करणे आणि एकमेकांशी बोलणे या दोन भिन्न क्रिया आहेत. बोलणे न होता खुणा झाल्या, तर तो केवळ आणखी एक कागद होतो.

‘उपाशी’ आणि ‘उपास’

आतापर्यंतचे विवेचन कर्मचाऱ्यांच्या आपापसांतील संवादाविषयी झाले. रुग्णाशी होणारा संवाद याहून अवघड असतो, कारण आपली परिभाषा त्याची नसते. “उद्या सकाळी उपाशीपोटी या” या साध्या सूचनेचे किती अर्थ होतात, हे आपल्या परिचारिकांनी अनुभवले आहे. अनेकांच्या लेखी चहा म्हणजे खाणे नव्हे. काही वयस्कर भगिनी ‘उपाशी’ म्हणजे ‘उपास’ समजून साबुदाण्याची खिचडी वा राजगिऱ्याचा लाडू खाऊन येतात. त्यांच्या दृष्टीने त्यांनी पथ्य काटेकोर पाळलेले असते. तपासणीचा अहवाल ‘निगेटिव्ह’ आला म्हणताच नातेवाइकांचा चेहरा उतरतो आणि ‘पॉझिटिव्ह’ ऐकून ते देवास हात जोडतात. “दिवसातून तीन वेळा” ही सूचना दोनदा जेवणाऱ्या शेतमजुरास दोनच गोळ्यांपर्यंत नेते.

दोष ऐकणाऱ्याचा नाही. सूचना त्याच्या दिनक्रमात बसवून देणे हे सांगणाऱ्याचे काम आहे. “रात्री जेवल्यानंतर सकाळपर्यंत अन्न, चहा, दूध, उपासाचे पदार्थ, काहीही घ्यायचे नाही, पाणी कधीपर्यंत प्यायचे ते भूलतज्ज्ञ सांगतील” अशी सूचना लांबलचक असली तरी तीच खरी सूचना होय. त्यानंतर “समजले ना?” असे विचारू नये. या प्रश्नास आपल्याकडे एकच उत्तर येते, आणि ते संकोचापोटी येते. त्याऐवजी, “मी नीट सांगितले की नाही हे मला पाहू द्या, घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?” असे विचारावे. परीक्षा आपल्या सांगण्याची आहे, हे लक्षात आल्यावर रुग्ण मोकळेपणाने बोलतो आणि राहिलेली उणीव तेथल्या तेथे भरून निघते.

संमतिपत्राचेही असेच आहे. १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने संमतीविषयी दिलेल्या निर्णयात, उपचाराचे स्वरूप, हेतू, लाभ, धोके आणि पर्याय यांची पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली संमतीच खरी संमती होय, असे स्पष्ट केले. तसेच तपासणीसाठी दिलेली संमती उपचारासाठी गृहीत धरता येणार नाही, असेही म्हटले. याचा अर्थ, सही हा संवादाचा शेवट आहे. संवादाशिवाय घेतलेली सही ही मालाशिवाय घेतलेल्या पोचेसारखी होय.

बिलाची खिडकी

आर्थिक संवाद हा आमच्या विशेष जिव्हाळ्याचा विषय. आजाराने खचलेला माणूस बिलाच्या खिडकीशी येतो तेव्हा त्याला आकड्यापेक्षा अनपेक्षित आकड्याचा धक्का अधिक बसतो. खर्चाचा अंदाज दाखल होतानाच सांगणे, तो बदलल्यास त्याच दिवशी कळविणे, आणि विम्याच्या रकमेतून काय वजा होणार नाही हे आधी समजावून देणे, एवढ्याने निम्मे वाद मिटतात. डॉक्टर व कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांना प्रतिबंध करणारा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून आहे आणि त्याची आवश्यकताही आहे. परंतु कायद्याचा फलक भांडण झाल्यावर आठवतो; वेळेवर सांगितलेली माहिती भांडण होऊच देत नाही.

धर्मादाय रुग्णालय म्हणून आपल्यावर आणखी एक जबाबदारी आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक अन्वये आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या २००६ मधील आदेशाने लागू झालेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखावयाच्या असतात. एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. २०२१ मधील शुश्रूषागृह नियमांच्या दुरुस्तीने रुग्णहक्कांची सनदही दर्शनी भागी लावणे आवश्यक झाले. फलक लावले की नियमाची पूर्तता होते. परंतु ज्याच्यासाठी योजना आहे त्यास अनेकदा वाचता येत नाही, आणि वाचता आले तरी ‘निर्धन’ हा शब्द आपल्यासाठी आहे असे चारचौघांत म्हणवत नाही. म्हणून कागदपत्रांची यादी आमच्या वैद्यकीय समाजसेवकांनी खाटेशी बसून, हलक्या आवाजात समजावून सांगावी, असा आमचा आग्रह आहे. मदत मागण्याची पाळी येऊ न देता ती देऊ करणे, हीही संवादाचीच कला आहे.

दोन निळ्या खुणा

अलीकडे बहुतेक निरोप भ्रमणध्वनीवरील गटांतून जातात. ड्युटीचे तक्ते, सभांच्या वेळा, साठ्याची माहिती यांसाठी ही सोय निःसंशय चांगली आहे. परंतु संदेशाखाली दोन निळ्या खुणा उमटल्या म्हणजे तो उघडला गेला, एवढेच सिद्ध होते; तो समजला, आणि कोणीतरी अंगावर घेतला, हे सिद्ध होत नाही. पन्नासजणांच्या गटात टाकलेले काम पुष्कळदा कोणाचेच नसते. म्हणून तातडीचा वैद्यकीय निरोप, विशेषतः प्रयोगशाळेचे धोक्याच्या पातळीवरील निष्कर्ष, संबंधित व्यक्तीस प्रत्यक्ष बोलूनच द्यावेत आणि निरोप घेणाऱ्याचे नाव व वेळ नोंदवावी. रुग्णाचे नाव, छायाचित्र वा अहवाल अशा गटांवर टाकू नयेत; ती त्याची ठेव आहे, आपण तिचे विश्वस्त आहोत.

समारोप

वरील कोणत्याही उपायास यंत्र लागत नाही, इमारत लागत नाही, मोठा निधीही लागत नाही. लागते ती रोजची सवय, आणि सवय वरून खाली येते. ज्येष्ठ डॉक्टर स्वतःहून “मी काय सांगितले ते परत सांगा” म्हणतील, विभागप्रमुख शंका विचारणाऱ्याचे आभार मानतील, आणि आम्ही प्रशासनातील मंडळी परिपत्रक काढून न थांबता ते शेवटच्या पाळीतील मावशींपर्यंत पोहोचले का, हे जाऊन विचारू, तरच ही सवय रुजेल.

आमच्या देणगीदारांनी व हितचिंतकांनी दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती आम्ही देतो. या रुग्णालयात उच्चारल्या जाणाऱ्या प्रत्येक महत्त्वाच्या शब्दाचीही पोच मिळावी, हाच आमचा प्रयत्न आहे. आपण रुग्ण म्हणून वा नातेवाईक म्हणून येथे याल तेव्हा, एखादी सूचना समजली नाही तर निःसंकोचपणे पुन्हा विचारावी, आणि समजली असे वाटले तरी ती एकदा आम्हांस परत सांगावी, ही नम्र विनंती.